न रडणारी मुलगी

तीस वर्षं मी चेन्नईत, सिनेमावाल्यांच्या कोडंबाक्कमच्या लॉजमध्ये बसून दुसऱ्यांच्या नावावर पटकथा लिहिल्या. ‘कथा-पटकथा : अरिवळगन’ असं माझं नाव पोस्टरवर छापलं जाणार होतं ते याच सिनेमाला, पहिल्यांदा.

त्या दिवशी चित्रीकरणाला बापाच्या प्रेताजवळचा प्रसंग होता. नऊ वर्षांची मुलगी त्यात रडत नाही; जमलेल्या बायकांना पाणी देत फिरते. ती भूमिका यळिनी करत होती. तांब्या दोन्ही हातांनी धर, कुणाकडे बघू नकोस, असं मी तिला आठवडाभर शिकवलं होतं. मला ती तात्ता, म्हणजे आजोबा, म्हणायची.

दिग्दर्शक इळंपरिदीनं तीन टेक घेतले आणि मला बाजूला बोलावलं.

“अय्या, मुलगी रडायला हवी. वितरकांना डोळ्यांत पाणी लागतं.”

“ती रडली तर पुढचे दोन प्रसंग कोसळतात.”

“ते तुम्ही जुळवाल हो. ग्लिसरीन नको, नाटकी दिसतं. तिचा आजोबा इस्पितळात आहे ना? तो गेला म्हणून सांगतो. कॅमेरा चालूच ठेवू.”

असं करतात हे मला ठाऊक होतं. माझ्यासमोर दोनदा झालं होतं आणि दोन्ही वेळा मी गप्प बसलो होतो.

“सांगून तर बघ,” मी म्हणालो.

“नाहीतर काय कराल? पोस्टर उद्या छापायला जातंय. तुमच्या नावाची ओळ काढायला मला एक फोन पुरे.”

मी सरळ मुलीकडे गेलो. “यळिनी, आजोबा बरे आहेत. कुणी वाईट काही सांगितलं तर ते खोटं. तुला रडवण्यासाठी तसं सांगतील.”

तिनं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. “मग मला विचारायचं ना, तात्ता. मला खोटं रडता येतं की.”

“इथे रडायचं नाही. पाणी द्यायचं.”

इळंपरिदीनं माझ्यासमोरच फोन लावला. “लेखकाची ओळ काढा. कथा-पटकथापण माझीच टाका.” मग ऊन उतरतंय म्हणून त्यानं प्रसंग होता तसाच उरकला.

निघताना यळिनीच्या आईनं मला फाटकाशी गाठलं.

“सर, तुम्ही उगाच मध्ये पडलात. मला सकाळीच विचारलं होतं त्यांनी, मी हो म्हटलं होतं. पाच मिनिटांनी खरं सांगणारच होतो. आता पुढच्या सिनेमात घेतील का हिला?”

मी तोंड उघडलं असतं तर शिवीच बाहेर आली असती, आणि यळिनी आईचं बोट धरून उभी होती.