इत्तोचे डोहाळे

इत्तोला माती खावीशी वाटू लागली तेव्हा आधी तिचं तिलाच हसू आलं. केस धुवायची गासूल माती भिजली की तिचा वास घरभर फिरायचा, आणि शेहेचाळीस वर्षांची ही बाई दाराआड उभी राहून ढेकूळ चघळायची. तीन महिने पाळीही नव्हती.

सासूने पकडलंच. यामना म्हातारी झाली, पण नाक शाबूत.

"तोंड दाखव. माती खातेस? अगं, हे तर डोहाळे!"

"लाल्ला," इत्तो सासूला मानाने म्हणाली, "तुमच्या हद्दूला जग सोडून सहा वर्षं झाली. लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत! तो गेला तेव्हा पोर पोटात झोपलं. आता जागं झालंय."

पोर पोटात झोपतं, हे आमच्या डोंगरात कुणाला समजवावं लागत नाही. दुःखाच्या धक्क्याने झोपतं, वर्षानुवर्षं झोपतं, मनात आलं की उठतं. मध्ये पाळी आली म्हणून बिघडत नाही. नवरा गेला त्या महिन्यात इत्तोची पाळी चुकली होती. तेव्हापासून ती पाण्याला जातानासुद्धा पावलं हलकी टाकायची.

आता दिवस तरंगत जाऊ लागले. चढ चढताना धाप लागायची, मग ती अक्रोडाखाली बसून डोळे मिटायची. कानात धडधड ऐकू यायची. पोराचीच, दुसऱ्या कुणाची? सुखाने तिला तिथेच डुलकी लागायची.

बाजाराच्या दिवशी ती दवाखान्यात गेली. तिथल्या सफिया सुईणीने रक्त तपासलं, यंत्र लावून पोट पाहिलं.

"लाल्ला इत्तो, पोटात कुणी नाही गं. गेल्या वर्षी अंगावरून फार जात होतं का?"

"पंधरा-पंधरा दिवस."

"पाळी जायच्या आधी हार्मोन्स अशी डळमळतात. त्या रक्तावाटे तुझं लोह गेलं. लोह आटलं की कुणाकुणाचा जीव मातीवर जातो. तू म्हणतेस ती कानातली धडधड तुझ्याच रक्ताची. आता पाळी थांबली की हाडांतलं कॅल्शियमही उतरेल. या गोळ्या घे. आणि माती बंद, ती अंगाला लोह लागू देत नाही."

इत्तोला रडू आवरेना. सहा वर्षांत ती इतकी एकटी कधीच नव्हती.

"घेईन गोळ्या," ती डोळे पुसत म्हणाली. "पण त्याला उठवायला नको होतं, पोरी. झोपलेलं होतं तोवर होतं तरी. पुन्हा झोपवायची एखादी गोळी आहे का?"

सफियाकडे तशी गोळी नव्हती.