गौरम्माने दाखवलेली भेग

मित्रांनो, मी लातूरच्या एका क्रीडा मंडळातला जुना सागवानी मल्लखांब आहे. माझं लाकूड इस्लापूरकडच्या रानातलं. रेवणसिद्ध गुरुजींनी मला सुताराकडून तासून घेतलं, मैदानाच्या कडेला पत्र्याखाली पुरलं आणि दर शनिवारी ते स्वतः मला एरंडेल चोळायचे. मुलं माझ्यावर उलटी लटकत, माझ्या माथ्यावरच्या गोल बोंडावर उभी राहत. टाळ्या त्यांना पडत, पण मीही सुखावून जायचो.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर काही कुटुंबं आमच्या मैदानावर राहायला आली. त्यांत नऊ वर्षांची गौरम्मा होती. ती बोलत नसे, भिंतीजवळ जात नसे. गुरुजी तिला माझ्यापाशी घेऊन आले.

"धर त्याला. हा हलत न्हाई," एवढंच ते म्हणाले.

तिने मला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. पुढे ती मंडळाची उत्तम खेळाडू झाली आणि गुरुजी थकून मुखेडला लेकाकडे गेल्यावर मुलांना शिकवूही लागली.

पण तोवर लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते. गावोगावची मुलं शिकायला इथे येत आणि पाठीवर दप्तर घेऊन माझ्यासमोरून पळत जात. मैदान ओस पडलं. शाळेची नोकरी सांभाळून गौरम्माला फक्त रविवारीच यायला जमे. मला तेल मिळेना. कोरड्या लाकडाला मानेखाली भेग गेली. मला ती जाणवायची, पण सांगणार कसं?

मुलं आली नाहीत तर मंडळ बंद करायचं, असं ठरत होतं. तेव्हा गौरम्माने एक युक्ती काढली. क्लाससाठी इथे राहणाऱ्या मुलांच्या गावाकडच्या पालकांना फोनवरूनच मंडळ दाखवायचं. एका रविवारी चाळीस घरं फोनवर जोडली गेली. मुखेडहून गुरुजीही बघत होते. तिने मैदान दाखवलं, खो-खोचे खांब दाखवले आणि शेवटी मला. आता तिची विद्यार्थिनी अंबिका माझ्यावर चढणार होती.

"थांब गौरम्मा," फोनमधून गुरुजींचा आवाज आला. "फोन त्याच्या मानेपाशी ने. तिथं काळं काहीतरी दिसतंय."

"तेलाचा डाग असंल, गुरुजी."

"तेल पाजून किती दिवस झाले त्याला? पुसून बघ."

तिने ओढणीने पुसलं. भेगेत तिचं नख सहज आत गेलं. अंबिकाने बोंडावर भार टाकला असता, तर मी मोडलोच असतो. गौरम्माने अंबिकाला मागे सारलं. तिला फोन बंद करता आला असता. पण तिने तो भेगेजवळ धरला आणि पालकांना सांगितलं, "चूक माझी आहे. नवा खांब येईपर्यंत कुणी चढणार नाही."

तिला वाटलं, सगळं संपलं. पण संध्याकाळी नांदेडहून एका आईचा फोन आला. "तुम्ही भेग लपवली न्हाई, म्हणून माझ्या पोराला पाठवते," ती म्हणाली. महिन्याभरात अकरा मुलं आली.

आता नवा खांब उभा आहे आणि मी ओसरीत आडवा पडलो आहे. मुलं माझ्यावर बसून दम खातात. माझ्या हातून एका लेकराला इजा होता होता राहिली, याबद्दल मी गुरुजींचा आणि गौरम्माचा जन्माचा ऋणी आहे.

मित्रांनो, ज्याच्यावर तुम्ही विश्वासाने भार टाकता, त्याच्याकडे रोज एकदा नीट बघत जा. आम्हाला दुखलं तरी बोलता येत नाही.