पारखीबाबांचं लाल पाणी

कापडदुकानाच्या वरच्या दालनात रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यावरही बायाबापडे दाटीवाटीने बसले होते, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मुठीत पगाराचं पाकीट होतं. समोरच्या टेबलावर काचेचा मोठा वाडगा, त्यात नितळ पाणी, आणि वाडग्यामागे पारखीबाबा.

"मी काहीच करत नाही," बाबा मवाळ आवाजात सांगत होते. "नुसत्या नोटा बुडवतो. घामाचा पैसा असला तर पाणी गप्प राहतं. पापाचा असला तर लाजून लाल होतं. पाण्याला कुणाची भीड नाही."

त्यांनी एका पेन्शनर आजोबांच्या नोटा लाकडी चिमट्याने बुडवल्या. पाणी गप्प राहिलं. आजोबांचे डोळे भरून आले, लोकांनी हात जोडले.

मग इस्त्रीवालीची पाळी आली. ती मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची, नवरा गोदामात माल उतरवून घ्यायचा. त्या महिन्यात त्याचं पाकीट नेहमीपेक्षा जाड होतं. दारातल्या सेवेकऱ्याने गोड बोलून विचारलं तेव्हा तिने ते सांगूनही टाकलं होतं.

बाबांनी तिच्या नोटा हातात घेतल्या, पत्त्यांसारख्या पिसल्या आणि पाण्यात सोडल्या. पाणी डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल झालं.

"घरी विचारा, ताई," बाबा डोळे मिटून म्हणाले. "हा पैसा घरात राहिला तर दुखण्यात जाईल."

सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी इस्त्रीवाली दोन वर्षं पैसे साठवत होती.

"मग करू काय?"

"अर्धा इथे अर्पण करा. उरलेला शुद्ध होईल." त्यांनी लहान झारीतून थोडं 'शांतिजल' ओतलं आणि लाली विरून गेली. तिने अर्ध्या नोटा सेवेकऱ्याच्या पेटीत टाकल्या.

घरी तिने नवऱ्याला विचारलं.

"जादा पाळ्या केल्या," तो म्हणाला. "रोज दोन गाड्या जास्त उतरवल्या. पाठ बघ माझी."

"पण पाणी लाल झालं."

तो ताट घेऊन उठला. त्या दिवसापासून तो एकटा जेवायला बसू लागला.

त्यांच्या फडताळात तीन डबे होते. एक घरखर्चाचा, एक डोळ्याच्या ऑपरेशनचा, आणि तिसरा दुसऱ्यांसाठीचा. हा तिसरा सासूबाईंच्या शिस्तीतला. हातात येईल त्यातलं थोडं आपलं नसतंच, असं त्या म्हणत, आणि ओढाताणीच्या महिन्यातही त्यात चार नाणी टाकत. यंदा त्यातून शेजारच्या शिवणकामवालीच्या मुलीची फी भरायची होती. पुढच्या रविवारी इस्त्रीवालीने दुसरा आणि तिसरा डबा पारखीबाबांपुढे रिकामा केला. जुना पैसाही नवऱ्याच्याच हातांनी आणलेला, तिला आता कशाचीच खात्री वाटेना.

तिसऱ्या आठवड्यात धुलाईकडची बाई आजारी पडली म्हणून मुकादमबाईंनी तिला यंत्रांवर पाठवलं. शेवटचं पाणी निघालं तशा मुकादमबाई आल्या, पेलाभर पाणी घेतलं, बाटलीतून दोन थेंब टाकले. पाणी लाल झालं.

इस्त्रीवालीचे हात थांबले. "बाई, हे कुणाचं पाप?"

"पाप कसलं? सोडा राहिलाय चादरींत. तसाच राहिला तर रोग्यांच्या अंगाला खाज सुटते. अजून एकदा खळबळून काढ."

"ही लाली परत घालवता येते का?"

मुकादमबाईंनी कपाटातलं व्हिनेगर ओतलं. लाली गेली.

इस्त्रीवाली ओल्या गाठोड्यावर मटकन बसली आणि तिने सगळं सांगितलं. मुकादमबाईंचा चेहरा उतरला.

"या थेंबांतल्या औषधाची पांढरी पूड मिळते. बोटांना लागली तरी दिसत नाही. लाचखोर पकडायला पोलीस हीच नोटांना लावतात. तुझ्या बाबाच्या वाडग्यात सोडा असणार आणि झारीत आंबट पाणी. सगळ्यांच्या नोटा तो हातानेच घेतो का?"

"नाही. काहींच्या चिमट्याने."

"मग झालं तर."

रविवारी दोघी पुढे जाऊन बसल्या. पाळी आल्यावर इस्त्रीवाली उभी राहिली.

"बाबा, आज पाकीट आणलं नाही. तुमची बोटं बुडवा."

"माझी परीक्षा घेता, ताई?" बाबा हसले आणि टेबलावरच्या रुमालाला बोटं पुसू लागले. मुकादमबाईंनी तो रुमालच ओढला आणि वाडग्यात टाकला. पाणी लालभडक झालं.

"लोकांची पापं पुसून पुसून रुमाल लाल झालाय," मागून एक बाई म्हणाली. आणि खरंच, दहाबारा माना डोलल्या.

मुकादमबाईंनी त्याच बाईला पुढे बोलावलं. पिशवीतून स्वच्छ पेला काढला, पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवला. बाईची नोट बुडवली, काही झालं नाही. मग तिच्याच दुसऱ्या नोटेला सोबत आणलेली चिमूटभर पूड लावून बुडवली. पेला लाल.

"दोन मिनिटांत तुम्ही कोणतं पाप केलंत?" त्यांनी विचारलं. बाई खाली बसली.

गलका उठला तोवर बाबा मागच्या जिन्याने निसटले होते. सेवेकरी पेटीसकट सापडला, पण पेटीत फक्त त्या दिवसाचे पैसे होते. पोलिसांत तक्रार गेली. इस्त्रीवालीच्या वाट्याला जेमतेम फीपुरते पैसे आले. तिने त्याच संध्याकाळी मुलीची फी भरली. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं.

श्रद्धा ठेवायला कुणाचीच ना नाही, आणि देता हात तर असावाच. पण जो आधी भीती घालतो आणि मग हात पसरतो, त्याला देणं हे दान नव्हे. चमत्कार दिसला की पैसे काढण्याआधी प्रश्न काढावा, आणि उत्तर मिळेपर्यंत मूठ मिटलेली ठेवावी. देवाला त्याचा राग येत नाही. राग येतो तो बाबांना.

रात्री तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. "पूड होती हो नुसती."

"कळलं," तो म्हणाला. "सतरा वर्षं संसार केलास माझ्याबरोबर. मी सांगितलं ते खोटं वाटलं, आणि पाणी खरं वाटलं."



पुढच्या पगाराला त्याने पाकिटाखाली एक चिठ्ठी ठेवली. किती तास काम केलं, त्यावर गोदामाचा शिक्का. तिने मागितली नव्हती. न वाचताच तिने ती घडी करून त्याच्यापुढे सरकवली. त्याने ती परत घेतली नाही.