आप्पा कसे गेले

स्वतःच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स वाचायचा योग फार थोड्यांच्या नशिबी येतो. जयसिंगआप्पांच्या नशिबी तो सोमवारी सकाळी सव्वासात वाजता आला. धायरी फाट्याजवळ, हातात दुधाच्या दोन पिशव्या असताना.

'भावपूर्ण श्रद्धांजली. आमचे लाडके आप्पा.' मधोमध आप्पांचा चेहरा. फोटो नव्हता, चित्र होतं, पण वाकडं नाक, कानावरचे केस, टोपीची तिरकी घडी, सगळं जिथल्या तिथे. खाली बारीक अक्षरांत 'शोकाकुल : समस्त वाचक परिवार'. आप्पांचं वाचन सातबाऱ्याच्या पुढे कधी गेलं नव्हतं, मग हा परिवार कुठला? आपण गेलो असतो तर घरातून कोणीतरी सांगितलं असतंच की, असं त्यांच्या मनात आलं, आणि लगेच आपण काय विचार करतोय तेच त्यांना कळेना.

चहाच्या टपरीवरच्या अभयने त्यांना पाहिलं, फ्लेक्सकडे पाहिलं, पुन्हा त्यांना पाहिलं. "आप्पा, तुम्ही... म्हणजे... साखर कमीच ना?"

घरी पोचेपर्यंत फोन सात वेळा वाजला. एका पाहुण्याने हुंदका देऊन विचारलं, "कितीला नेणार?" आप्पा म्हणाले, "मी जयसिंगच बोलतोय." पलीकडून फोन ठेवला गेला.

घरात बापलेक दोघंच. तेजस्विनी सव्वीस वर्षांची, चांगली कंपनीतली नोकरी सोडून घरी बसून चित्रांची पुस्तकं काढणारी. झॉम्बींची. पुण्यातली मेलेली माणसं उठून चावत सुटतात आणि धायरीतली एक गल्ली तग धरून राहते, अशी पाच भागांची मालिका. आप्पांनी त्यातलं एक पान उघडलं नव्हतं. पोरगी काहीतरी करते आणि लोक ते विकत घेतात, एवढ्यावर त्यांचं समाधान होतं.

"तेजू," आप्पांनी विचारलं, "मी मेलो का?"

झोपेतून उठलेल्या तेजूला फ्लेक्सची गोष्ट कळायला पाच मिनिटं लागली. कळली तशी ती पांढरीफटक पडली. "तुम्ही नाही हो. पुस्तकातले आप्पा. पाचव्या भागात जातात ते. वाचकांचा ग्रुप आहे, त्यातल्या पोरांनी लावलाय. मला विचारलंसुद्धा नाही." तिने पियुष नावाच्या कोणाला तरी फोन लावला आणि फ्लेक्स आत्ताच्या आत्ता उतरवायला सांगून चांगलंच फैलावर घेतलं.

"पर तोंड माझं हाय की," आप्पा म्हणाले.

"हो."

"मग मला मारलं कशापायी?"

तेजू आत गेली. पाच पुस्तकं आणून त्यांच्यासमोर ठेवली आणि चहा टाकायला गेली.

आप्पा चष्मा लावून बसले. पहिल्या भागात नुसती पळापळ होती. दुसऱ्या भागात त्यांचा हात थांबला. गल्लीच्या तोंडाला बांबू आडवे बांधलेले. अलीकडे टोपीवाला आप्पा, त्याच्यामागे गल्ली. पलीकडे त्याची थोरली बहीण, काखेत कपड्यांची पिशवी. आप्पा हात वर करून सांगतोय, परत जा.

हे झॉम्बींचं नव्हतं. हे लॉकडाऊनच्या एप्रिलमधलं होतं. आप्पांच्या थोरल्या बहिणीच्या, सोजराक्काच्या, नवऱ्याला दवाखान्यात नेलं होतं, बिबवेवाडीतल्या घरात ती एकटी उरली होती, म्हणून चालत माहेरी आली होती. बांबू आप्पांनीच बांधले होते आणि त्यांनीच तिला परत पाठवलं होतं. चौथ्या दिवशी मेहुणे गेले. आक्का त्यानंतर या घरी आली नाही. आप्पा दर भाऊबीजेला फोन करत आणि ती तो उचलत नसे. तिच्या दारात जाऊन उभं राहायची हिंमत त्यांना झाली नव्हती.

पाचव्या भागात तीच बहीण पुन्हा बांबूपाशी येते. या वेळी आप्पा बांबू सोडतो. ती आत येते, आणि ती आता माणूस राहिलेली नसते. बस्स, आप्पा संपला.

"लोकं काय म्हनत्यात?" आप्पांनी विचारलं.

तेजूने मोबाईल पुढे केला. शेकडो अभिप्राय होते. आप्पा एकेक अक्षर लावून वाचू लागले.

'दुसऱ्या भागात आप्पांनी केलं तेच बरोबर. एकीसाठी अख्खी गल्ली मारायची का?' आप्पांना जरा बरं वाटलं. खालीच होतं, 'असल्या भावापेक्षा झॉम्बी परवडला.' त्याखाली, 'बांबूने झॉम्बी अडतो हे धायरीतच शक्य आहे. शहरात निदान पाटी तरी लावली असती.' मग, 'चार भाग शहाण्यासारखा वागला आणि शेवटी बांबू सोडला? कोणीतरी लेखिकेला आवरा.' आलिया नावाच्या मुलीने लिहिलं होतं, 'बहीण आत आली तिथे पुस्तक मिटलं आणि भाईजानला फोन केला. सहा महिन्यांनी.'

तासभर वाचूनही आप्पांना निकाल लागेना. बांबू बांधला तर अर्धे शिव्या देतात, सोडला तर उरलेले. इतकी वर्षं जो प्रश्न त्यांनी एकट्याने उशाशी घेतला होता, त्यावर ही अनोळखी पोरं भांडत होती, आणि त्यांनाही काही सुचत नव्हतं.

"तुझं काय म्हननं?" त्यांनी लेकीला विचारलं. "मी बरोबर केलं का चूक?"

"मी तेव्हा खिडकीत उभी होते आप्पा. मीही खाली आले नाही." तेजूचे डोळे भरले. "मला ठरवता येईना, म्हणून तर काढलं. आधी एक करून पाहिलं, मग दुसरं. तरी नाही कळलं."

तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली आणि हेल काढून रडण्याचा आवाज आला. मयताच्या घरी बायका रस्त्यापासूनच रडत येतात, तसा. "माझ्या भाऊराया रंऽऽ... बहिणीला न भेटता गेलास रंऽऽ... फोन करत व्हतास, मी उचलला नाय रंऽऽ..." सोजराक्का तोंडाला पदर लावून फाटकातून आत आली, आणि समोर जयसिंग उभा. एका हातात मोबाईल, नाकावर चष्मा.

आक्काचा हेल मधेच तुटला. तिने भावाच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. मागे रिक्षावाल्याने विचारलं, "मावशी, थांबू का जाऊ?"

"जित्ता हाईस?" आक्का म्हणाली.

"हाय." आप्पा म्हणाले. "पोरांनी चुकून लावलं. आत ये, आक्का."

"मयतीला बोलावणं लागत नाय म्हणून आले. जित्याच्या घरात कशी येऊ?" तिने पदर खोचला आणि पाठ फिरवली.

आप्पा तिच्यामागे फाटकापर्यंत गेले. अख्ख्या गल्लीचा जीव, नियम, सरकारी आदेश, सगळी कारणं त्यांना तोंडपाठ होती. आज ती सगळी त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडून वाचली होती. त्यांतलं एकही ओठावर येईना.

"भ्यालो व्हतो, आक्का," ते म्हणाले. "दुसरं काय नव्हतं. लई भ्यालो व्हतो."

आक्का थांबली. तिने फाटकाची कडी धरली.

"मी बी भ्याले व्हते रं," ती म्हणाली. "म्हणून तर तुझ्याकडं आले व्हते."