सतरा नंबरचा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. सध्या बोटीचं सामान ठेवायच्या खोलीत, रंगाच्या डब्यांमागे, भिंतीला टेकून उभी आहे. पण एके काळी माझ्याकडे पाहिल्याशिवाय बेटावरून बोट हलत नसे.

मोडीत काढलेल्या एका होडीच्या तळातून सुतारदादांनी मला कापलं, तासून गुळगुळीत केलं आणि माझ्यावर चाळीस खिळे ठोकले. बेटावर राखीव जंगल. माणसांनी सकाळी यायचं, पायवाटेने हिंडायचं, पक्षी बघायचे आणि संध्याकाळी परत जायचं. मुक्कामाची परवानगी कोणालाच नाही. म्हणून उतरताना प्रत्येकाने माझ्यावरचा एक पितळी बिल्ला घ्यायचा आणि निघताना तो स्वतःच्या हाताने परत लावायचा. सगळे खिळे भरले की बोटवाले काका ओरडायचे, "फळीबाई हो म्हणाल्या, चला!" ते ऐकून मी अगदी फुशारून जात असे. बारा वर्षांत माझी एकदाही चूक झाली नव्हती.

मग एक दिवस ते बापलेक आले. बाबा निवृत्त पोस्टमन आणि भारी विसरभोळे. चष्मा, गोळ्या, रुमाल, सगळं मुलगीच आपल्या पिशवीत सांभाळत होती. सतरा नंबरचा बिल्लाही तिने ठेवून घेतला.

"अगं, एवढा तरी माझ्याकडे राहू दे."

"नको बाबा. तुम्ही हरवाल, मग बसा शोधत!"

दोघंही हसली. मलाही गंमत वाटली.

संध्याकाळी ती म्हणाली, "तुम्ही बोटीत बसा, मी बिल्ले लावून आले." तिने स्वतःचा लावला, बाबांचाही लावला. तेवढ्यात बाबांच्या लक्षात आलं, की लेकीची टोपी मागे जंगलातल्या बाकावरच राहिली आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तू घरपोच केलेला माणूस तो. काही न बोलता मागे फिरला. बोटीच्या पुढच्या टोकाला बगळे बघायला गर्दी झाली होती. बाबा तिथेच असतील असं तिला वाटलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीसच्या चाळीस. बोट सुटली.

मी सगळं पाहत होते, मित्रांनो. पण लाकडाला कुठलं आलंय तोंड?

बाबा धापा टाकत धक्क्यावर आले. टोपी हलवून त्यांनी हाका मारल्या, पण इंजिनापुढे त्या कोणाला ऐकू जाणार? मग ते छाती चोळत माझ्यापाशी खाली बसले. वर पाहिलं, सतरा नंबरला बोट लावलं आणि हसले. "घ्या! फळीच्या मते मी घरी निघालोसुद्धा. येईल हो पोर. आत्ता येईल." टोपीला चिकटलेली वाळकी पानं त्यांनी एकेक करून काढली आणि टोपी गुडघ्यावर ठेवली.

पोर आली. अर्ध्या तासातच बोट उलटी फिरली. "बाबा!" म्हणत ती धावत आली. टोपी गुडघ्यावर तशीच होती. बाबा तेवढे उठले नाहीत.

"मीच लावला हो त्यांचा बिल्ला," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली.

"आणि मी फळी बघितली गं, माणसं नाही बघितली," काका म्हणाले आणि मटकन खाली बसले.

त्याच आठवड्यात मला इथे आणून ठेवलं. आता काका एकेकाच्या तोंडाकडे बघून माणसं मोजतात. तेच बरोबर आहे, मला त्याचं वाईट वाटत नाही. मित्रांनो, आपल्या म्हाताऱ्या माणसांचं सगळं सांभाळा, जरूर सांभाळा. पण निघताना एकदा वळून ती सोबत आहेत ना, तेही बघा.

गेल्या वर्षी ती या खोलीत आली होती. डोक्यावर तीच टोपी. तिने सतरा नंबरचा बिल्ला काढून मुठीत घट्ट धरला. "नेऊ का?" तिने विचारलं. काकांनी नुसती मान हलवली.

तेव्हापासून माझा एक खिळा रिकामा आहे. माझ्या लेखी एक माणूस अजून यायचा आहे, आणि बोट त्याच्यासाठी थांबली आहे.