कापसावरची बॅटरी

माझा आवाज मोठा हाय, हे आमच्या आख्ख्या डोंगरकडा गावाला ठाऊक हाय. मी अंगणातून म्हशीवर खेकसले तर पल्याडच्या तांड्यावर बेबीबाई ऐकते आन् तिथून हसते. आमचे मालक म्हणतेत, "आशाबाई, तुला मोबाईल कशाला पाहिजे? नुसतं त्या दिशेला तोंड करून बोल की!" मालकाचं नाव मी सांगणार न्हाई. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. तुमीबी मालकच म्हणा.

तर ही गोष्ट माझ्या पोरीची, प्रतिक्षाची, आन् तिची मैतरीण निलमची. निलम म्हंजे बेबीबाईची लेक. दोघी वसमतला कॉलेजात जातेत, एकाच एसटीनं. औंदा दोघींनी मिळून रॉकेट बनवलं. दिवाळीतलं न्हाई बरं. हातभर लांब पुठ्ठ्याची नळी, ती वर जायची, आन् वर गेल्यावर छत्री उघडून हळूच खाली यायची. छत्री माझ्या जुन्या लाल लुगड्याची. ती कवा उघडायची हे नळीतलं एक इवलंसं यंत्र ठरवतंय, आन् त्या यंत्राला लागते बॅटरी.

त्या बॅटरीपायी आमच्या घरात डोकं उठलं होतं. मोबाईलची घाला की गं म्हणलं, तर म्हणे जड होते. घड्याळातली घाला म्हणलं, तर म्हणे छत्री उघडायपुरता दम न्हाई तिच्यात. शेवटी दोन मागवल्या, चिक्कीच्या वडीएवढ्या, चपट्या, चंदेरी. आन् चार्ज करायची तर केवढा सोहळा! फरशीवर ठेवायची, तिच्या बारक्या चार्जरनंच भरायची, आन् भरेपोतूर दोघींतल्या एकीनं जवळ बसून राहायचं. "काहून गं, बाळंतीण हाय का ती?" मी म्हणायची. निलम हसायची, पण जागची हलायची न्हाई.

स्पर्धा वसमतच्या मैदानावर होती. नाव पुकारलं की पुढं यायचं आन् उडवायचं. ज्यायचं नीट उतरंल ते पुण्याला जाणार. पुकारल्यावर जाग्यावर न्हाई, तर नंबर गेला, पुन्हा संधी न्हाई. माझी पोरगी वरीसभर त्या पुण्याचंच घोकून राहिली होती, जेवतानी बी आन् झोपेत बी.

त्या दिवशी दोघी सकाळच्या एसटीनं गेल्या. मागून मालकाला फरशीवर दुसरी बॅटरी दिसली. "अगं, पोरगी इसरली की!" इसरली न्हवती. ती आदल्या दिवशी पायाखाली येऊन चेपली होती, म्हणून पोरीनं बाद केली होती. पण ते आमाला कुठं ठाऊक? मालक म्हणले, भरून घेतो आन् गाडीवर नेऊन देतो. लाईट कवा जाईल त्याचा काय भरवसा, म्हणून बारका चार्जर सोडून फवारणी पंपाचा मोठा लावला, लवकर भरावी म्हणून. आन् ठेवली कुठं? कापसावर!

वेचणीच्या दिवसांत आमचं घर म्हंजे कापूसच असतंय. पुढच्या खोलीत पार आढ्यापोतूर ढीग. लेकरं त्याच्यावर लोळतेत, मोबाईल त्याच्यावरच चार्जिंगला. जे जपायचं ते कापसावर ठेवायचं, मग अंडी असू द्या न्हाईतर चष्मा. मालकानं पोरीची बॅटरी जपली, दुसरं काय! जपून ठेवली आन् गेले गाडीत पेट्रोल टाकायला.

मी पोरीला फोन लावला. "पोरी, तू इसरलेली बॅटरी तुझे पप्पा घेऊन येऊन राहिले. चार्जिंगला लावलीय."

"आई, ती चेपलेली हाय! कशावर ठेवलीय?"

"कापसावर. चांगली मऊ."

 तिच्या मागं मैदानावरचा भोंगा कोकलून राहिला होता.

"आई, जाऊन बघ. फुगलीय का?"

बघितली. "व्हय, भाकरीवानी टम्म फुगलीय." मला वाटलं, भरली. भाकर फुगली की बाईला बरंच वाटतंय.

"आई, घराबाहेर हो. आत्ताच्या आत्ता!"

"आन् कापूस?"

"जळू दे कापूस!"

असं म्हणतेत का कुठं? माझं टाळकंच सरकलं. "वरीसभर राबलो आमी, आन् जळू दे काय म्हणतीस? काय करायचं ते सांग, न्हाईतर ठेव फोन!"

मी हलणार न्हाई हे तिला बराबर ठाऊक. माझीच लेक ती. रडत रडत सांगाया लागली. "आधी मेन बंद कर. केला? आता घमेल्यात माती घे. चिमट्यानं तिची वायर धर, बॅटरीला धरू नको, दाबू नको. तोंड लांब ठेव, आई."

फोन कनवटीला खोचला, आवाज मोठा करून. बॅटरीचा गोडसर वास येऊन राहिला होता, पिकल्या पेरूवानी. चिमट्यानं वायर धरून मी तिला अलगद उचललं. आन् कनवटीतून भोंगा ऐकू आला. "प्रतिक्षा," आन् पुढं मालकाचं नाव. मग "निलम," आन् पुढं तिच्या बापाचं, हरिचंदभाऊचं. बाई बाई! मला वाटलं, बक्षीसच पुकारून राहिले.

"पोरी, तुमची नावं घेऊन राहिलेत, जा ना!"

"तू चाल, आई. थांबू नको. अंगणात आलीस का?"

भोंग्यानं पुन्हा नावं घेतली. मी मातीत बॅटरी ठेवून घमेलं उचललं, उंबरा ओलांडला. भोंग्यानं आणखी एकदा घेतली. म्हणलं, लई मोठं बक्षीस दिसतंय. गोठ्यापसून लांब, मोकळ्या जागी घमेलं ठेवलं आन् मागं पळाले. तोच फुस्स करून भडका उठला, काळा धूर, डोळ्यांत पाणी.

"पेटली गं, पोरी!"

"तू कुठं हायस?"

"लिंबाखाली. लांब हाय."

मग ती जी रडली! मी तिला लहानपणी बी तशी रडताना ऐकली न्हवती.

संध्याकाळी दोघी आल्या. रॉकेट निलमच्या हातात, जसं गेलं तसंच. मी हरखून इचारलं, "बक्षीस कुठंय?" प्रतिक्षा तशीच पाय धुवाया गेली. निलमच म्हणली, "मावशी, ते बक्षीस न्हवतं. आमचा नंबर पुकारून राहिले होते. मी पंचायच्या लई इनवण्या केल्या, पण म्हणे जोडीतल्या दोघीबी जाग्यावर पाहिजेत."

 तिन्ही हाका मी ऐकल्या होत्या, आन् खूश होऊन ऐकल्या होत्या. मग मला जे येतं तेच मी केलं, ओरडले. "येडे, फोन ठेवायचा ना! कापसापायी वरीसभराचं पाणी केलंस?"

"कापसाचं कोण म्हणून राहिलं?" पोरगी म्हणली. "तू आत होतीस ना, आई."

एवढा मोठा माझा आवाज, तो तवा पार खाली आला. निलमला म्हणलं, "आन् तू गं? तुझा बी नंबर गेला की माझ्यापायी."

"नंबराचं काय, मावशी. तुमी न्हाई तर मला तुमच्या हातची भाकर कोण देईल?"

दोघींना पोटाशी धरलं. कुणाचे उपकार मानू, देवाचे का या पोरींचे, मला सुधरंना.

पुढल्या आठवड्यात त्यायचे सर सवता आमच्या रानात आले. म्हणले, पुणं माझ्या हातात न्हाई, पण रॉकेट उडवू की. त्या दिवशी बॅटरी मालकानं भरली. फरशीवर ठेवली, बारका चार्जर लावला, आन् समोर मांडी घालून बसले ते चहालाबी उठले न्हाईत. मी त्यायला टोमणा मारला न्हाई. त्यायनं बी लेकीसाठीच केलं होतं सगळं.

मोकळ्या वावरात रॉकेट उभं राहिलं. सर म्हणले, "चला, उडवा."

"थांबा!" मी म्हणलं. "नाव पुकारल्याबिगर कसं उडवतेत?"

मी बांधावर चढले. पदर खोचला आन् पार तांड्यापोतूर जाईल अशी हाक मारली, "प्रतिक्षा संतराम! निलम हरिचंद!"

मालक माझ्याकडं बघतच राहिले. मग खाली मान घालून डोळे पुसाया लागले. मी पुन्हा पुकारलं. तिसऱ्या हाकेला आवाज फाटला, तरी पुकारलं, आन् दोघींनी एकदम ओ दिली.

वर माझं लाल लुगडं उघडलं, तवाबी मी त्यायची नावंच घेऊन राहिले होते.