माझ्या पायऱ्या बुजवा

मी पायविहीर बोलतेय. ऐकायला बसा, पण वरच्या पायरीवर. पाण्यात पाय सोडू नका.

अणदूरच्या वाटेवरच्या एका लहान गावात माझा जन्म. काळा दगड, सत्तावीस पायऱ्या. तहानलेल्यानं पाण्यापर्यंत चालत यावं, असं मला बांधणाऱ्याला वाटलं. निजामाचं राज्य गेलं, पुढं महाराष्ट्र झाला. पायऱ्या तशाच राहिल्या आणि त्या कुणी उतरायच्या, हेही तसंच राहिलं.

नागूबाई उतरत नाही. तिच्या वस्तीतलं कुणीच उतरत नाही. ती काठाजवळ घागर ठेवून बसते. कुणीतरी आपली कळशी वरून तिच्या घागरीत ओततं. कधी लगेच, कधी दुपार कलल्यावर.

उन्हाळ्यात माणसांच्या पायाला फोड येतो आणि त्यातून सुतासारखा पांढरा जंत, नारू, बाहेर निघतो. आग आग होते. मग माणसं शेवटच्या पायरीवर बसून पाय माझ्यात सोडतात आणि डोळे मिटतात. मलाही बरं वाटायचं.

एकदा धाराशिवहून आरोग्य खात्याचे वसंतराव आले. त्यांनी माझं पाणी पेल्यात घेऊन उन्हात धरलं. ठिपक्यांएवढे बारीक किडे नाचत होते.

"पाय पाण्यात गेला की नारू पिलं सोडतो," ते म्हणाले. "ती ह्या किड्यांत वाढतात. हे पाणी प्यालं की वर्षानं आपल्या पायातून नारू निघतो."

तेव्हापासून मला चैन नाही. नागूबाईचा मुलगा नारू ओढताना तुटून, पाय सुजून, धनुर्वातानं गेला होता. त्याला पाणी माझंच होतं. आता तिला आठ वर्षांची लेक इरम्मा तेवढी उरलीय.

पायऱ्या बुजवून कठडा बांधायचा, वर रहाट बसवायचा, अशी मंजुरी आली. सिमेंटही आलं.

"रहाट बसला की दोर कुणीबी धरील. मग?" बलभीम पाटलांनी विचारलं.

"मग काय, पाणी काढतील."

"सायेब, तुमी उद्या धाराशिवला जाताल. गाव आमाला चालवायचंय."

चावडीतल्या सिमेंटचा दगड झाला. वसंतरावांनी नागूबाईला पाणी दुहेरी फडक्यातून गाळायला शिकवलं. ती गाळते. पण रानातून तहानलेली येणारी पोर काठावरच कुणाच्या तरी कळशीखाली ओंजळ धरते, ती फडकं कुठं शोधणार?

ह्या चैत्रात पाटलांच्या कमलबाईंनाच नारू झाला. त्या लंगडत खाली आल्या, पाय माझ्यात सोडला.

वरून आवाज आला, "पाटलीणबाई, पाय काडा."

"अगं बया, नागीला तोंड फुटलं व्हय!" एकजण हसली.

"माजं एक लेकरू गेलं. दुसरं हेच पाणी पितंय. पाय काडा."

कमलबाईंनी पाय काढला. एकेक पायरी कण्हत चढल्या आणि काठापासून लांब जाऊन बसल्या.

"वत बाई तुज्या घागरीतलं. लई आग व्हतीया."

नागूबाईनं अख्खी घागर त्यांच्या पायावर ओतली. त्या दिवशी ती पुन्हा भरून द्यायला कुणी पुढं आलं नाही.

कमलबाईंनी घरी विषय काढलाय म्हणे. आठ दिवस झाले, चावडीतून कुणी आलेलं नाही. मी सारखी वाटेकडं बघते. तुम्ही तरी माती-दगड घेऊन या. शेवटच्या पायरीपासून सुरुवात करा, पण लवकर करा. रानातून इरम्मा यायची वेळ झालीय, आणि तिला तहान लागली असेल.